बारा फॉलिकल, मग अंडी सातच का?

परवा पिकअपनंतर, म्हणजे अंडाशयातून सुईने अंडी काढून घेतल्यावर, एक ताई रडवेल्या आवाजात विचारत होत्या, सोनोग्राफीत बारा फॉलिकल (अंडाशयातल्या पाण्याने भरलेल्या पिशव्या, ज्यांत अंडं वाढतं) दिसली होती मग अंडी सातच कशी आली, माझ्यातच काही खोट आहे का. मी आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये काम करते, हा प्रश्न सारखा येतो आणि कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

फॉलिकल म्हणजे पाण्याचा फुगा आणि त्यात सुटं तरंगणारं अंडं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं हो. अंड्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचा गच्च गराडा असतो, त्या एकमेकींना कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनने धरून असतात आणि फॉलिकलच्या कडेच्या पेशी खालच्या अस्तरातल्या लॅमिनिन या प्रोटीनला त्यांच्या अंगावरच्या इंटिग्रिन या प्रोटीनने. इंटिग्रिन नुसती कडी नाहीये, बाहेर काय पकडलंय याची खबर ते पेशीच्या आत पोचवतं, आणि ती पकड सुटली की बऱ्याच पेशी मरायला लागतात. अंड्याला चिकटलेल्या पेशी तर त्याच्या कवचातून बारीक हात आत घालून त्याला थेट भिडलेल्या असतात, खाऊपिऊ तिथूनच जातं. अंडं कधीच एकटं वाढत नाही, मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

मग शरीरात एलएच हे हार्मोन वाढतं, किंवा आम्ही तेच काम करणारं ट्रिगर इंजेक्शन देतो, आणि हीच पकड सैल व्हायला लागते. गराड्यातल्या पेशी हायलुरोनान नावाचा पदार्थ बनवतात, त्याचं चिकट जाळं होतं, पेशी अंगावरच्या सीडी४४ नावाच्या प्रोटीनने त्या जाळ्याला धरून एकमेकींपासून लांब सरकतात आणि अख्खा पुंजका भिंतीपासून सुटतो. डिशमध्ये तो भिजवलेल्या सब्जासारखा दिसतो, मध्ये दाणा आणि भोवती पारदर्शक चिकट ढग. हा चिकटपणा वाया जात नाही, नैसर्गिकरीत्या अंडं बाहेर पडतं तेव्हा गर्भनलिकेच्या तोंडाच्या झालरीवरचे सूक्ष्म केस या ढगालाच पकडून अंडं आत ओढतात. कच्चं अंडं असेल तर ढग नसतो, पेशी अजून घट्ट बिलगलेल्या असतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. बाराच्या बारा फॉलिकल एका मापाची नसतात, लहान असतात त्यांच्यात ही सुटण्याची प्रक्रिया पुरती होत नाही, अंडं भिंतीलाच राहतं आणि सुईत नुसतं पाणी येतं. यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. आणि हे त्यांना पिकअपच्या आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ट्रिगरनंतर साधारण ३५-३६ तासांचा हट्ट आम्ही धरतो तोही यासाठीच, लवकर गेलो तर पकड सुटलेली नसते, फार उशीर केला तर अंडी आधीच बाहेर पडून गेलेली असतात. मागे एकींनी रात्री फोन करून सांगितलं की इंजेक्शन पाऊण तास उशिरा घेतलंय, खूप घाबरल्या होत्या, आम्ही पिकअप तेवढाच पुढे ढकलला, बस. तुमचंही असं झालं तर लगेच फोन करा, रात्रीचे बारा वाजलेले असले तरी.