आमची पुस्तक भिशी

साताऱ्यात आमच्या कॉलनीत बायकांची भिशी कित्येक वर्षांपासून चालू आहे. त्यातूनच मी मिक्सर घेतला, लेकीच्या कानातले केले. गेल्या जूनमध्ये नवी भिशी लावायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, या खेपेला पुस्तकांची लावू. बऱ्याच गावांत अशा पुस्तक भिश्या चालतात, हे मी ऐकून होते. 12 जण, महिन्याला 250 रुपये. चिठ्ठी निघेल त्याने 3000 रुपयांची पुस्तकंच घ्यायची आणि सध्या काय वाचतोय ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगायचं. पुरुषांनाही घ्यायचं ठरलं.

12 जण जमवताना माझी दमछाक झाली. जो तो म्हणायचा, "वाचायला वेळ कुठाय ताई?" शेवटी निवृत्त गुरुजी तयार झाले, समोरच्या काकू आल्या, खत-बियाण्यांचं दुकान असलेला कोपऱ्यावरचा भाऊ आला आणि हळूहळू गाडी रुळावर आली. निदान मला तसं वाटलं.

पहिल्या बैठकीत ज्यांना विचारावं ते म्हणत, "छान आहे पुस्तक, जरूर वाचा." मग चहा. दुसऱ्या बैठकीत एकांनी पुस्तकाचा सारांश मोबाईलवरून वाचून दाखवला. तिसऱ्या बैठकीला सातच जण आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. भिशी मोडली तर पैसे परत देता येतील. पण एकदा पांगलेले लोक पुस्तकांसाठी पुन्हा काही जमणार नाहीत, हे कळत होतं.

विचार करता करता आई आठवली. दुपारी शेंगा फोडायला बसलं की ती मोठ्याने वाचायची आणि ऐन रंगात आलं की भाकरी टाकायला उठायची. पुस्तक तिथंच पालथं पडलेलं असायचं. आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. तिने गोष्ट सांगून संपवली असती, तर आम्ही पुस्तकाला हात लावला नसता.

मग चौथ्या महिन्यात नियमच बदलला. सारांश सांगायचा नाही. आत्ता ज्या पानावर आहात ते पान मोठ्याने वाचायचं आणि थांबायचं. पुस्तक संपलेलं नसलं तरी चालेल, आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडलं असेल तर तसं सांगायचं.

गुरुजींनी 'बनगरवाडी' उघडलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली आली. सुरुवातीलाच तरुण मास्तर अंधारात एकटा चालत धनगरांच्या वाडीकडे निघालेला असतो. गुरुजींनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझी पहिली शाळाही माणदेशातच होती. मीही असाच गेलो होतो, वळकटी खांद्यावर टाकून." पुढे त्यांना बोलवेना. खोलीत कुणी हललं नाही. नंतर पाच जणांनी ते पुस्तक मागितलं आणि कुणी आधी न्यायचं यावरून चक्क वाद झाला.

त्या वादातूनच वही आली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. पुस्तक कुणाकडे गेलं, कधी गेलं आणि पुढचा नंबर कुणाचा, एवढंच त्यात लिहायचं. उसनं दिलेलं पुस्तक परत येत नाही, हा आपल्याकडचा जुना रोग. वहीमुळे तो बराच आटोक्यात आला.

दुकानवाल्या भावाने वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' घेतलं होतं. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी अशी पिकं घ्या, असं अमेरिकेतले शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर शेतकऱ्यांना सांगत होते, तो भाग त्याने वाचला आणि म्हणाला, "ऊस गेल्यावर घेवडा घ्या, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्यामागे अशी माणसं उभी आहेत, हे मला ठाऊक नव्हतं." आता ते पुस्तक त्याच्या गल्ल्याशेजारीच असतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो चार पानं वाचतो.

काकू मात्र 'स्मृतिचित्रे'च वाचतात, चौथ्यांदा. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं पान त्यांनी असं वाचलं की कॉलेजातली मुलगीसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत बसली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, हे कळल्यावर ती म्हणाली, "काकू, उद्या मी तुमच्याकडे येऊ? पुढचं वाचाल?" तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते. काकूंचे डोळे दमले की ती वाचते, काकू भाजी निवडतात. आमच्या भिशीतून एवढं एकच झालं असतं, तरी मला पुरलं असतं.

सगळ्यांचंच असं जमलं नाही. दोघं मध्येच गळाले; त्यांच्या जागी नवे दोन आले. एक प्रत चहात भिजून परत आली, ती मी उन्हात वाळवून कपाटात ठेवली आहे.

या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. काकूंच्या नातवाने डब्यातून उचलली. रविवारी सकाळच्या एसटीने पुण्याला, अप्पा बळवंत चौकात जायचंय. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने आपापली मागणी लिहून दिली आहे. गुरुजींनी स्वतःसाठी काहीच लिहिलं नाही, फक्त 'बनगरवाडी'ची आणखी एक प्रत आणायला सांगितली आहे. त्यांची प्रत सध्या सहाव्या घरात आहे.