चौरागड, त्रिशूळवाल्यांच्या मागं मागं

नागपूरहून पचमढी, म्हणजे मध्य प्रदेशातलं थंड हवेचं ठिकाण, साधारण २५० किलोमीटर. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता. आपल्याकडचे बहुतेक लोक बी फॉल, जटाशंकर आणि धूपगडचा सनसेट करून परत येतात, आणि जवळचाच चौरागड, म्हणजे माथ्यावर महादेवाचं देऊळ असलेला डोंगर, "लय पायऱ्या आहेत" म्हणून सोडून देतात. याचं मला खरंच वाईट वाटते.

आम्ही मुद्दाम महाशिवरात्रीच्या यात्रेत गेलो. महादेव गुफेच्या पुढं सगळं पायीच, एका बाजूनं साडेतीन-चार किलोमीटर, आणि त्यात शेवटच्या १३०० च्या आसपास पायऱ्या. सुरुवातीला सालाचं, जांभळाचं, हिरड्याचं जंगल, सावली मस्त. सह्याद्रीतल्यासारखा काळा खडक इथं नाही, वाळूचा दगड आहे, तांबूस, हात टेकला की खरखरीत लागते. मग झाडी विरळ होते आणि चढ अंगावर येतो.

आमच्या पुढं चार जण एक लांबलचक त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढून राहिले होते. लोखंड कातडीला लागू नये म्हणून खांद्यावर दुपट्ट्याची जाड घडी, वळणावर पुढचा हळूच आत सरकायचा, मागचा पाय रोवून सगळं वजन तोलून धरायचा, आणि वळण पार झालं की मगच श्वास सोडायचे. खालून कोणी "हर बोला" म्हणायचं की वरच्या वळणावरून "महादेव" यायचं. थांबले तेव्हा त्यातल्या काकाजींनी विचारलं,

"कुठचे जी तुम्ही?"

"नागपूरचे, महाल भागातले."

"मंग आपलेच. आम्ही मोर्शीकडचे."

नातू आजारातून उठला म्हणून नवस फेडाले आले होते. मी म्हटलं थोडा वेळ मी खांदा देतो, तर त्यांनी आनंदानं दिला, आणि खरं सांगतो, त्या वीस-पंचवीस पायऱ्यांत मला कळलं की हे लोक काय करून राहिले आहेत.

वर देवळाभोवती त्रिशूळच त्रिशूळ, हजारोंनी, एकावर एक रेललेले, जुने गंजलेले आणि काही कालचेच, शेंदूर ओला असलेले. वारा जबरदस्त. चारही बाजूला सातपुड्याच्या रांगा, मधे खोल दऱ्या आणि पश्चिमेकडे १३५२ मीटरचं धूपगड, म्हणजे सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. धूपगडावर गाडीनं जाता येते, इथं येत नाही, म्हणूनच हा नजारा मला जास्त आवडला.

शांतता पाहिजे असेल तर यात्रा टाळून नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पहाटेच चढायला लागा, खाण्याची पिशवी हातात लटकवू नका, माकडं ओढून नेतात. उतरताना गुडघे बोलतात, म्हणून काठी घ्याच. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या प्लीज खाली घेऊन या, दरीत टाकलेल्या पाहून फार त्रास झाला. मी मात्र पुढच्या वेळीही यात्रेतच जाणार, काकाजींनी मोर्शीचा नंबर देऊन ठेवला आहे.