इयत्तानिहाय

शनिवार, २१ जून २०२५. सकाळी योगदिन उरकला होता. हॉलमधल्या सतरंज्या तशाच होत्या, पालक त्यांवरच बसले. सभा बोलावली होती ती पावसात स्कूलव्हॅन कुठे थांबवायची हे ठरवायला. दहा मिनिटांत व्हॅन मागे पडली आणि हिंदी पुढे आली.

मी माध्यमिकला मराठी शिकवतो. अठरा वर्षं 'उतारा वाचून कृती करा' तपासतोय. त्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "सर, जीआरमध्ये काय आहे ते तुम्हीच सांगा."

१६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली होती. त्यावर रान उठलं आणि १७ जूनला सुधारित निर्णय आला. 'अनिवार्य' गेलं, 'सर्वसाधारणपणे' आलं. एका क्रियाविशेषणावर अख्खा महाराष्ट्र भांडताना मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी कागद उघडेपर्यंत मागून एक बाबा उठले. "सक्तीच आहे! हिंदी तृतीय भाषा असेल, असं छापलंय!" मोबाइलवर जीआरचा फोटो, एका वाक्याभोवती लाल गोल. खिडकीपाशी बसलेले दुसरे म्हणाले, "सक्ती हा शब्द दाखवा. दुसरी भाषा घ्यायची मुभा आहे." त्यांच्याही मोबाइलवर तोच फोटो, लाल गोल मात्र पुढच्या वाक्याभोवती. मी दोन्ही फोन हातात घेऊन पाहिले. पान एकच. दोघांचीही बोटं आपापल्या गोलाबाहेर गेलेली नव्हती. तोवर एकाने दुसऱ्याला दिल्लीचा हुजऱ्या म्हणून झालं होतं, दुसऱ्याने पहिल्याला देश तोडणारा.

मी प्रिंट काढून आणली होती. खाकरून समजावून सांगू लागलो, "हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल. पण तशी मागणी करणारी शाळेत किमान वीस मुलं हवीत. मग शिक्षक देतील, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवतील." आणि वर दिलासाही दिला, "आपल्या प्राथमिकचा पट ८१ आहे. वीस काय, सहज जमतील."

"सर, शाळेत नाही." दुसऱ्या रांगेतून एक ताई बोलल्या. विम्याचं काम करतात. "इयत्तानिहाय लिहिलंय. एकेका वर्गात वीस."

मी खाली पाहिलं. होतं. इयत्तानिहाय.

आमची पहिली सतरा मुलांची. सगळ्या सतराजणांनी गुजराती मागितली असती तरी अट पुरी होत नव्हती. पहिलीच्या एका तुकडीत साठ मुलं असलेल्या शाळेत तेच वाक्य खरोखरची मुभा देतं, आमच्याकडे ती फक्त कागदावर. भांडण खरं या आकड्यावर व्हायला हवं होतं आणि त्याच्याभोवती कुणाचाच लाल गोल नव्हता.

मागचे बाबा लगेच म्हणाले, "बघा, मी तेच म्हणत होतो!" ते तेच म्हणत नव्हते. अशा उत्तराला आम्ही परीक्षक 'उत्तर बरोबर, पण उताऱ्यातलं नाही' म्हणतो. खिडकीपाशचे म्हणाले, "मग हा पटाचा दोष, सरकारचा कुठे?" पुन्हा कल्ला.

माझं मात्र त्यात लक्ष नव्हतं. तो जीआर मी आदल्या रात्री दोनदा वाचला होता. मला सभा लवकर मिटवायची होती, पालकांना शांत करायचं होतं, आणि त्याच्या आड येणारा शब्द डोळ्यांनी परस्पर गिळला. पोरांच्या पेपरात अशा वाचनाला मी अर्धा गुणसुद्धा देत नाही. ताईंना नंतर विचारलं, कसं दिसलं? "पॉलिसी वाचते ना रोज," त्या म्हणाल्या. "लोक रकमेची ओळ वाचतात, मी अटीची. क्लेम अडकला की शिव्या मलाच बसतात."

२९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय रद्द केले. पालकांच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी 'आम्ही म्हणालोच होतो' सुरू झालं. रात्री ताईंचा वेगळा मेसेज आला: "सर, रद्द केल्याचा कागद आला की पूर्ण पाठवा. फोटो नको. आणि व्हॅन कुठे थांबणार ते राहूनच गेलं."