कावळा, बिबड्या आणि चौघीजणी

एप्रिल-मेमध्ये आमच्या खानदेशात, अमळनेरकडे, घरांच्या सपाट धाब्यांवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडासारखं वाळवण, वाळत पडलेल्या असतात आणि राखणीला दहा-बारा वर्षांची एखादी पोर बसवलेली असते. मोठ्या बायका खाली बिबड्यांसाठी शिजवलेलं पीठ, म्हणजे घाटा, हाटत असतात. अगदी लहान पोरं बसवली तर कावळ्यांच्या आधी तीच अर्धओल्या बिबड्या फस्त करतात. आणि मुलगे? ते बोरी नदीच्या कोरड्या पात्रात क्रिकेट खेळत असतात. उरलं कोण? मी.

हातात काठी, डोक्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि मांडीवर मामाने वाचनालयातून आणलेलं ‘चौघीजणी’. शांता शेळक्यांनी अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा केलेला हा अनुवाद. बर्फ, शेकोटी, नाताळ यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना धाब्यावर बसून बर्फाची वर्णनं वाचण्यात वेगळीच मजा असते, हे मात्र सांगते.

तोवर वाचलेल्या पुस्तकांत पोरं चोर पकडायची, भुयारात शिरायची. साने गुरुजी आमच्याच गावच्या शाळेत शिकवून गेलेले. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला श्याम आम्हाला घरचाच वाटायचा, त्याच्यासाठी रडून झालं होतं. पण तोही मुलगाच. इथे पहिल्याच पानावर चार बहिणी कुरकुरत होत्या की यंदा नाताळला भेटी नाहीत. पुढे एक प्रकरण नाचाच्या समारंभाचं, तर त्यात चिंता कसली? त्यांच्यातल्या ज्योचा झगा मागून करपलाय आणि हातमोजे डागाळलेत. बस्स! एवढ्यावर आख्खं प्रकरण लिहिता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे अशा गोष्टीला ‘काय नखरे पोरीचे’ म्हणून मोकळे होत.

गंमत म्हणजे अल्कॉटबाईंना हे पुस्तक लिहायचंच नव्हतं. प्रकाशकाने मुलींसाठी काहीतरी लिहा म्हणून लकडा लावला. आपल्याला मुली फारशा आवडत नाहीत, बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत, असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. मग त्यांनी माहीत होत्या त्या बहिणीच लिहिल्या. १८६८ साली पहिला भाग आला आणि मुलींची पत्रं सुरू झाली: कोण कुणाशी लग्न करणार? जणू बायकांच्या जन्माचं तेवढंच सार्थक, म्हणून बाई वैतागल्या. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात त्यांनी ज्योला शेजारचा लॉरी दिलाच नाही, एक प्रौढ प्राध्यापक गळ्यात मारला. मी तो प्राध्यापक अजून माफ केलेला नाही.

तर, निम्मं पुस्तक झालं असेल आणि मला कावळा शिवला.

शब्दशः नाही. ज्या कावळ्यांना मी आठवडाभर हाकलत होते, त्यांच्यापैकी एकही माझ्या जवळ फिरकला नव्हता. पण आईने तेच सांगितलं, घाईघाईत, नजर दुसरीकडे ठेवून, आणि मला मागच्या खोलीत बसवलं. बिबड्यांची राखण माझ्या हातून गेली. पापडाला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. एवढी मोठी यादी झाली, पण पुस्तकाचं नाव तिच्यात नव्हतं! ते बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नाही. चार दिवस मला पाणी आणायला कुणी उठवलं नाही, काठी घेऊन कुणी वर पाठवलं नाही. उरलेलं पुस्तक मी त्या चार दिवसांत संपवलं. माझ्या मोठं होण्याचा पहिला फायदा म्हणायचा तर तो हाच.

तिसऱ्या दिवशी मोठी माय दाराशी येऊन बसली. “काय वाची राह्यनी वं?” मी तिला लिंबांचं प्रकरण ऐकवलं. शाळेत मुरवलेली लिंबं आणायची फॅशन, ती आणली नाहीत तर मैत्रिणींत मान नाही, म्हणून बहिणींतली धाकटी, बारा वर्षांची एमी दोन डझन विकत घेते. गुरुजींना कळतं. हातावर छड्या बसतात आणि लिंबं तिलाच खिडकीतून फेकायला लावतात. माझ्या डोळ्यांत पाणी. लोणच्याच्या बरणीपासून दहा हातांवर बसवलेल्या मुलीला एमीचं दुःख जरा जास्तच समजलं असणार. मोठी मायही अस्वस्थ झाली, पण छड्यांमुळे नव्हे. “निंबू फेकी दिन्हात? त्या मास्तरले काही लाज शे का नही?”

पुढे पुष्कळ वर्षांनी अमेरिकन लेखिका ज्युडी ब्लूमचं मार्गारेट नावाच्या मुलीवरचं पुस्तक हाती आलं, १९७० सालचं. त्यातली अकरा वर्षांची मुलगी देवाशी थेट बोलते आणि मैत्रिणींसकट पाळीची वाट बघते! चढाओढीने, आपली आधी की तिची आधी. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या वाचनालयांनी त्यावर डोळे वटारले. मी ते चाळिशीजवळ वाचलं, दार लावून, का ते विचारू नका. त्यातल्या पट्ट्याला अडकवायच्या जुन्या पॅडच्या जागी नंतरच्या आवृत्त्यांत चिकटणारे पॅड आले. बाकीच्या धाकधुकीला मात्र हात लावायची गरज पडली नाही.

या वेळी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ वहिनीला आणि पोरींना घेऊन आला. थोरली अकरा वर्षांची. तिला तिच्या आईने सगळं आधीच नीट समजावलंय, कपाटात पाकीटही तयार आहे. कावळ्याचं नाव तिने ऐकलेलं नाही. तिला हे पुस्तक कशाला लागेल, असं म्हणतच मी ‘चौघीजणी’ तिच्या हातात दिलं. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी आली. “आत्या, एमीने ज्योची वही जाळली.”

“हो.”

“आणि ज्योने तिला माफ करायचं?”

थोरलीच्या चित्रांच्या वहीवर धाकटीने स्केचपेनने रेघोट्या मारल्याचा खटला त्यांच्या घरात महिनाभर चालू होता, हे मला तेव्हा वहिनीने खुणेने सांगितलं. मी ज्योची बाजू घेणार इतक्यात लक्षात आलं, की मला एमीचीही दया येते आहे, आणि सगळ्यात जास्त तर त्यांच्या आईची, जिला दोघींना जेवायला बसवायचंय. बारा वर्षांची असताना ती आई मला दिसलीसुद्धा नव्हती. मग मी काहीच बोलले नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेले, तर खाटेवर बिबड्या, खाटेच्या अल्याड थोरली, पल्याड धाकटी, दोघींची पाठ एकमेकींकडे. थोरलीच्या मांडीवर पुस्तक. कठड्यावरून एक कावळा तिरपा तिरपा चालत आला, त्याने सावकाश एक बिबडी निवडली आणि घेऊन गेला.