मुदत संपण्याआधी मोबाइलचं बिल कमी करताना

24 किंवा 36 महिन्यांच्या करारावर फोन घेतला की मधे काहीच बदलता येत नाही, असं बहुतेकजण धरून चालतात. माझा अनुभव तसा नाही. करार न मोडताही बिल बरंच खाली येऊ शकतं, फक्त कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे आधी कळायला हवं.

मी सुरुवात केली ती बिलाची फोड करण्यापासून. त्यात हँडसेटचा हप्ता, कॉल आणि डेटाचं मासिक भाडं आणि वर जोडलेले जादा आकार असे तीन भाग निघतात. हँडसेटचा हप्ता हे कर्जच आहे, तो घासाघीस करून कमी होत नाही. बिनव्याजी असेल तर आधी फेडूनही काही वाचत नाही. उलट काही करारांत हँडसेटवरची सूट दर महिन्याला थोडी थोडी जमा होते आणि रक्कम एकदम भरली की उरलेली सूट बुडते. कमी होतं ते उरलेल्या दोन भागांत.

जादा आकार सर्वांत सोपे. फोनचा विमा, घड्याळासाठी घेतलेली वेगळी ई-सिम, एकदाच लागलेलं रोमिंग पॅक, फुकट चाचणी संपल्यावर आपोआप सुरू झालेली गाण्यांची किंवा व्हिडिओची सेवा: यातलं बहुतेक मूळ कराराला हात न लावता बंद करता येतं. बाहेरच्या कंपन्यांच्या सेवांचे पैसे मोबाइलच्या बिलातून कापले जात असतील तर ती वाटच बंद करायला सांगावी, म्हणजे नवं काही चिकटत नाही.

मग प्लॅन. आपला वापर अंदाजाने ठरवू नये, मागच्या किमान तीन बिलांतले आकडे घ्यावेत. फोनमधला आकडा फसवतो. आयफोनवर ‘चालू कालावधी’ दर महिन्याला आपोआप शून्यावर येत नाही, त्यामुळे तिथे कित्येक महिन्यांचा डेटा एकत्र दिसतो. अँड्रॉइडवर मोजणीची तारीख बिलाच्या तारखेशी जुळवावी लागते. आयफोनवर ‘वाय-फाय असिस्ट’ चालू असेल तर घरचं वाय-फाय अशक्त झालं की फोन गुपचूप मोबाइल डेटा वापरतो. ते बंद करावं. व्हिडिओचा दर्जा एचडीवरून साधा केला, की तासाला लागणारा डेटा साधारण 3 जीबीवरून 1 जीबीच्या आसपास येतो. नेहमीच्या वापरावर चौथा हिस्सा शिल्लक ठेवून खालचा प्लॅन निवडावा. काठोकाठ निवडला तर एका महिन्याच्या जादा वापराचा आकार सगळी बचत खाऊन टाकतो.

प्लॅन बदलण्याआधी कस्टमर केअरला चार गोष्टी मी नेमक्या विचारतो. मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार का? हँडसेटवरची सूट याच प्लॅनला बांधलेली आहे का? मुदतीत किती वेळा खाली येता येतं? बदल कोणत्या तारखेपासून लागू? दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त प्लॅन घेतल्यावर सूट गेली तर एकूण बिल वाढतं. उत्तरं ईमेलवर किंवा चॅटमध्ये लेखी घ्यावीत. भाडं आगाऊ आकारलं जात असेल तर बदलानंतरचं पहिलं बिल गोंधळाचं दिसतं: जुन्या प्लॅनची वजावट आणि नव्याचं भाडं एकत्र येतं. खरा आकडा त्याच्या पुढच्या बिलात कळतो.

करार मोडायचा विचार असेल तर हिशोब असा करावा. मुदतीआधी करार मोडल्याबद्दल लागणाऱ्या शुल्काला उरलेल्या महिन्यांनी भागायचं आणि त्यात नव्या प्लॅनचं भाडं मिळवायचं. सध्याचं भाडं 40, उरले 10 महिने, शुल्क 300 आणि दुसरीकडचा प्लॅन 15 धरला, तर महिन्याला 30 अधिक 15 म्हणजे 45 पडतात. मोडण्यात तोटा. त्याच कंपनीत 25चा प्लॅन मिळाला तर 10 महिन्यांत 150 वाचतात. शुल्क ठरावीक असेल, महिन्यागणिक उतरत नसेल, तर जितका उशीर तितकं मोडणं महाग. नंबर पोर्ट केला की करार तिथेच संपतो आणि शुल्क लागतं, म्हणून हिशोबाआधी पोर्टची विनंती टाकू नये. बँकेतून होणारी कपात थांबवणं हा तर मार्गच नाही. ती थकबाकी धरली जाते आणि पत बिघडते.

भाडं वाढल्याची सूचना आली तर ती लगेच वाचावी. युरोपीय संघाच्या 2018च्या दूरसंचार संहितेनुसार कंपनीने अटी बदलल्यास किमान महिनाभर आधी कळवावं लागतं आणि काही अपवाद सोडले तर ग्राहकाला जादा खर्चाशिवाय बाहेर पडता येतं. इतरत्र नियम वेगळे, पण अशी खिडकी असेल तर ती थोड्याच दिवसांची असते.

कंपनीशी बोलताना ‘काही कमी करा’ म्हणण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीच्या प्लॅनचा आकडा आणि डेटा समोर ठेवावा, आणि सेवा बंद करण्याची प्रक्रिया हाताळणाऱ्या विभागाशी जोडायला सांगावं. सूट देण्याचे अधिकार बहुधा तिथे असतात. बदल्यात नवा फोन देऊ केला तर नाही म्हणावं, कारण त्यासोबत नवी मुदत येते.

शेवटच्या महिन्याची तारीख कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवावी. हँडसेट आणि सेवा एकाच रकमेत बांधलेल्या करारांत फोनची किंमत फिटल्यावरही आपण कळवेपर्यंत तेच बिल चालू राहू शकतं, आणि सूचनेची मुदत 30 दिवसांची असेल तर महिनाभर आधीच कळवावं लागतं.