काट्याजवळची खुर्ची

ओपीडीत माझी खुर्ची वजनकाट्याला लागून आहे. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्यासमोर चपला काढून काट्यावर चढतात. काहीजण पिशवी हातातच धरून चढतात. "ती खाली ठेवा" म्हटलं की ओशाळं हसतात. मी आकडा लिहिते. मग आतून डॉक्टरांचं ते ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "रोज अर्धा तास चालायचं."

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत मी वॉर्डात होते, सलग नऊ वर्षं. तेव्हा माझं वजन 82 होतं, आता 73.4 आहे. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला सगळे जमले तेव्हा जो तो विचारत होता, काय केलंस? मोठ्या नणंदेने तर पाठच थोपटली, "शेवटी मनावर घेतलंस हो!"

मनावर घेतलं. हा शब्द मला तेव्हापासून टोचतोय.

वॉर्डात असताना मी मनावर घेतलं नव्हतं का? नाईट रात्री आठला सुरू व्हायची. सकाळी हँडओव्हर देऊन, बस पकडून गोव्यात फोंड्याजवळच्या बांदोड्याला घरी पोचेपर्यंत साडेनऊ. सासूबाईंच्या गोळ्या, दुपारच्या हुमणाची, म्हणजे माशाच्या कालवणाची, तयारी, मग अकराला डोळा लागायचा. दीडला पोरं शाळेतून यायची. पुन्हा आडवी व्हायचे, तर चारला पोदेराचा, पाव विकणाऱ्याचा, भोंगा. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन जास्त होतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी पडतं, हे आम्ही नर्सिंगला पाठ केलेलं. रात्री दोन वाजता बिस्किटाचा पुडा फोडताना ते पाठांतर आठवायचं. पुडा तरीही संपायचा.

आणि हेही सांगते, नाहीतर सगळा दोष रोस्टरवर ढकलल्यासारखं होईल. इव्हिनिंग ड्युटी सुटल्यावर स्टँडजवळच्या गाड्यावर रस-ऑमलेट (मसालेदार रश्श्यातलं ऑमलेट, सोबत पाव) खायचे ते कुणी गळ्यात मारलं नव्हतं. दुसरा पाव तर नाहीच नाही. डिस्चार्जच्या वेळी पेशंटचे नातेवाईक पेढ्यांचा बॉक्स ठेवून जायचे, त्यातले चार-पाच माझे ठरलेले. एकदा डॉक्टर मॅडमनी विचारलं, गोड खातेस का? मी सरळ "नाही" म्हणाले. ते खोटं माझं होतं, नाईट ड्युटीचं नव्हे.

मग ओपीडी मिळाली. साडेआठ ते पाच, रविवारी सुट्टी. रात्री साडेदहाला झोप आणि सकाळी साडेपाचला जाग, दोन्ही एकाच घरात, एकाच अंथरुणावर. पहिल्या दोन महिन्यांत मी काहीच "केलं" नाही, तरी तीन किलो उतरले. नंतर एक गोष्ट केली. पूर्वी नवरा स्कूटर घेऊन फर्मागुढीला यायचा, त्याला नको म्हटलं. पणजीहून येणारी बस फर्मागुढीला सोडते, तिथून नागेशीच्या बाजूला उतरत घरी पंचवीस मिनिटं लागतात. उतारच आहे, दमसुद्धा लागत नाही. फुटपाथ मात्र नाही, त्यामुळे ट्रक आला की गटाराच्या कडेला उभं राहायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; सहा दिवसांत ती माझी आपोआप भरतात. पावसाळ्याचे चार महिने सोडून, अर्थात.

एवढंच माझं मनावर घेणं. आणि उत्साह फार वाढू नये म्हणून सांगते, माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अजून 30 च्या वर आहे. आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ 25 वर ओढतात.

माझ्या जागी वॉर्डात जी मुलगी गेली ती माझ्यापेक्षा कितीतरी हट्टी. ओपीडीत होती तेव्हा डब्यात काकडी आणि उकडलेलं अंडं, त्यापलीकडे काही नाही. परवा तिने येऊन माझ्याच काट्यावर वजन केलं. पाच किलो वाढलंय. बघून काही बोलली नाही, चप्पल घालून गेली.

2023 साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे आले. मधुमेहात गोवा देशात पहिला, 26.4 टक्के, देशाचा आकडा 11.4. लगेच मुंबईच्या आतेभावाने फोनवर ऐकवलं, "तुम्ही गोयंकार सुशेगाद, दुसरं काय होणार!" सुशेगाद म्हणजे निवांत, आरामात राहणारे. मला आमच्याकडे येणारी मासळीवाली आठवली. पहाटे टोपली घेऊन निघते, बाजारात दुपारपर्यंत एका जागी बसून असते, घरी गेल्यावर नवऱ्याचं आजारपण. साखर वाढलेली, कंबर 96 सेंटिमीटर. बायकांना 80 च्या आत हवी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर बाहेर येऊन मला म्हणाली, "बाय, चलपाक वेळ खंय आसा?" चालायला वेळ कुठे आहे? मी तिला छापील तक्ता दिला. तेवढंच माझ्या हातात होतं. तिच्याच मागे रांगेत एक निवृत्त गृहस्थ होते, घराबाहेर पडलं की मैदान, दिवसभर मोकळे. ते म्हणाले, सकाळी पेपर वाचायचा असतो. त्यांना मी दोन शब्द जास्तच सुनावले. मॅडमनी आतून डोळे वटारले.

खरं म्हणजे काट्यावर चढण्याआधी प्रत्येकाला विचारायला हवं, तुझ्या दिवसातले किती तास तुझे आहेत? मग ते तास कुठे जातात, यावर खुशाल बोलावं. पण केसपेपरवर तसा रकानाच नाही. वय, उंची, वजन, बीपी, पुढे डॉक्टरांची सही.

गेल्या सोमवारी नवीन रोस्टर लागलं. एकजण बाळंतपणाच्या रजेवर चाललीय, तिच्या जागी पुढचे सहा महिने मला पुन्हा वॉर्डात टाकलंय. महिन्याला आठ नाईट. यावेळी पेढ्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. बिस्किटांचं सांगता येत नाही. शनिवारी निघताना काट्यावर चढले आणि आकडा तारखेसकट कॅलेंडरवर लिहून ठेवला. नवऱ्याला म्हटलं, नाईटच्या सकाळी स्कूटर घेऊन ये. तेव्हा चालणं मला जमणार नाही.