मिरजेची पोस्टकार्डं, नोंद ५: देवगड सिंधुदुर्गात कधी गेलं?

मागच्या नोंदीत मोठ्या दिमाखात लिहून बसलो होतो की ठिकाणांचं टेबल झालं. ते शब्द मागे घेतो. गेले चार रविवार त्याच टेबलात गेले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आजोबा मिरजेत तंबोरे आणि पेट्या दुरुस्त करायचे. कीर्तनकार, भजनी मंडळं, गाण्याचे मास्तर अशी गिऱ्हाइकं गावोगावची, आणि सगळा व्यवहार पोस्टकार्डावर. काम झालं की कार्ड तारेला टोचून ठेवायची त्यांची पद्धत. अशी २,३१४ कार्डं निघाली. घरच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यांचं छोटं डेटा वेअरहाऊस, म्हणजे मोजणी आणि रिपोर्टांसाठी रचलेलं माहितीचं कोठार, करतोय. फॅक्ट टेबलमध्ये, म्हणजे मूळ नोंदींच्या टेबलात, एक ओळ म्हणजे एक कार्ड: शिक्क्याची तारीख, पाठवणाऱ्याचं ठिकाण, वाद्य, काम.

पहिला रिपोर्ट काढला तो दशकवार आणि जिल्हावार. सत्तरच्या दशकात सिंधुदुर्गातून ४१ कार्डं! त्यातलं एक समोरच पडलं होतं. शिक्का १२ मार्च १९७९ चा, आणि खाली निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं, 'मु. पो. देवगड, जि. रत्नागिरी'. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. लिहिणाऱ्याला आपला जिल्हा नीट ठाऊक होता, मलाच नव्हता. मी आजच्या तालुक्यांची यादी उचलून शेजारी जिल्ह्याचा कॉलम ठेवला होता, म्हणजे आजच्या नकाशाने कालचा नकाशा पुसून टाकला होता.

हे दुखणं वेअरहाऊसवाल्यांना जुनंच आहे. डेटा वेअरहाऊसवर पुस्तकं लिहिणाऱ्या राल्फ किंबॉलने त्यावरच्या उपायांना नंबर देऊन ठेवलेत. टाइप वन म्हणजे जुनं खोडून नवं लिहा. टाइप टू म्हणजे जुनी ओळ बंद करा आणि नवी उघडा. टाइप थ्री म्हणजे शेजारी 'आधी काय होतं' असा कॉलम ठेवा. आळसापोटी मला टाइप थ्री पसंत पडला होता. १ मे १९६० ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. म्हटलं, दहाच तर नवे जिल्हे, 'जुना जिल्हा' नावाचा एक कॉलम पुरेल. उदगीरने तो बेत मोडला. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातुरात. आजोबांकडे उदगीरच्या एकाच भजनी मंडळाची तिन्ही काळातली कार्डं आहेत. 'जुना जिल्हा', 'त्याहून जुना जिल्हा' असे कॉलम वाढवत बसायचं का?

मग टाइप टू. प्रत्येक ओळीला स्वतःची सरोगेट की, म्हणजे अर्थ नसलेला साधा नंबर, आणि 'पासून'-'पर्यंत' अशी मुदत. कार्ड भरताना शिक्क्याची तारीख ज्या मुदतीत बसेल त्या ओळीचा नंबर कार्डाला चिकटवायचा.

इथेही आधी चुकलोच. मुदती मी जिल्ह्यांना लावल्या: 'जालना, १ मे १९८१ पासून, त्याआधी औरंगाबाद'. दिसायला बरोबर, पण जालना जिल्ह्यातला परतूर तालुका औरंगाबादेतून नाही, परभणीतून आला. परतूरची एकोणीस कार्डं सरळ औरंगाबादच्या खात्यात जाऊन बसली होती. जिल्हा फुटतो असं आपण बोलतो खरं, पण डेटाच्या नजरेने पाहिलं तर तालुका घर बदलतो. जे बदलतं त्यालाच मुदत लावायला हवी. सगळं तालुक्याच्या पातळीवर पुन्हा केलं आणि परतूर परभणीला परत गेलं.

यापुढची चूक जास्त शिकवून गेली. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मी नेहमीच्या सवयीने अलिबाग, पेण, महाड सगळ्यांच्या ओळी बंद केल्या आणि नव्या उघडल्या. रिपोर्टात कुलाब्याचं काम १९८० ला अचानक बंद आणि रायगडचं १९८१ ला अचानक सुरू. प्रत्यक्षात हद्द एक इंचही सरकली नव्हती, फक्त पाटी बदलली होती. नाव बदलणं आणि हद्द बदलणं हे दोन वेगळे बदल आहेत आणि मी ते एकाच ओळीत कोंबले होते. आता दोन टेबलं आहेत. एकात तालुका कोणत्या जिल्हा-क्रमांकात होता, दुसऱ्यात त्या जिल्हा-क्रमांकाचं नाव काय होतं. दोघांच्या मुदती वेगवेगळ्या. उस्मानाबादचं धाराशिव झालं ते दुसऱ्या टेबलात एका ओळीत आटपलं, तालुक्यांना हात लावावा लागला नाही. आणि आजोबांचा स्वतःचा पत्ता? १९४९ ते १९६० 'मिरज, जि. दक्षिण सातारा', पुढे 'जि. सांगली'. दुकान तेच, भिंतीवरचे भोपळेही तेच.

हे सगळं कणकवलीच्या आत्याला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "ते राहू दे रे, आमच्या सिंधुदुर्गातून आजवर किती पत्रं आली ते सांग." टाइप टूच्या हिशेबाने १९८१ आधीचं उत्तर शून्य! पण तिचा प्रश्न चुकीचा नाही. तिला आजच्या नकाशावर जुनी कार्डं मोजून हवी आहेत. म्हणून कार्डावर आता दोन नंबर आहेत: त्या वेळच्या ओळीची सरोगेट की, आणि तालुक्याचा कधीच न बदलणारा क्रमांक, ज्याला किंबॉल ड्युरेबल की म्हणतो. पहिल्याने जोडलं तर तेव्हाचा जिल्हा मिळतो, दुसऱ्याने चालू ओळीला जोडलं तर आजचा. आत्याचं उत्तर १८७.

आता एका कार्डाची गोष्ट. एकूण बेरीज २,३१४ ऐवजी २,३१५ येत होती. अर्धा रविवार शोधण्यात गेला. गुन्हेगार निघालं औशाचं कार्ड, शिक्का १६ ऑगस्ट १९८२. आदला दिवस रविवार आणि वर स्वातंत्र्यदिन, म्हणजे सोमवारी टपालपेटी उघडली आणि शिक्का बसला. नेमक्या त्याच दिवशी लातूर जिल्हा अस्तित्वात आला! माझी उस्मानाबादची ओळ '१६ ऑगस्टपर्यंत' होती, लातूरची '१६ ऑगस्टपासून', आणि तारीख मुदतीत बसते का ते 'बिटवीन' या अटीने बघत होतो. बिटवीन दोन्ही टोकं धरतो, म्हणून कार्ड दोनदा मोजलं गेलं. आता मुदतीसाठी पोस्टग्रेसचा डेटरेंज, म्हणजे दोन तारखांमधला काळ एकत्र साठवणारा प्रकार, वापरतो. तो सुरुवातीचा दिवस धरतो, शेवटचा सोडतो. शिवाय एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाचा नियम लावलाय: एकाच तालुक्याच्या दोन मुदती एकमेकींवर चढल्या तर ओळ आतच येत नाही. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन आधी चालू करावं लागतं. पोस्टग्रेसच्या अठराव्या आवृत्तीत हेच काम प्रायमरी कीमध्ये 'विदाउट ओव्हरलॅप्स' लिहून होतं. माझ्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे. चालू ओळीचं शेवटचं टोक मोकळं सोडलंय, 'अजून चालू' दाखवायला ९९९९ साल वगैरे घातलेलं नाही.

मग कुऱ्हा या गावाच्या नावाने छळलं. गावांची यादी मी कधी लॅपटॉपवर दुरुस्त करतो, कधी मोबाइलवर. लोड करताना जुनी ओळ आणि नवी ओळ ताडून पाहायची, फरक असेल तर नवी आवृत्ती उघडायची, असं साधं स्क्रिप्ट आहे. महिनाभरात 'कुऱ्हा'च्या अकरा आवृत्त्या! डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं. एका ठिकाणी ऱ हे एकच अक्षर म्हणून साठवलेलं, दुसऱ्या ठिकाणी साधा र आणि खाली नुक्ता. ताडून पाहण्याआधी नॉर्मलाइझ या, अशा दोन रीती एकसारख्या करणाऱ्या, फंक्शनमधून काढलं आणि हे थांबलं. पण र, हलंत आणि जॉइनर (अक्षरं जोडायचं न दिसणारं चिन्ह) अशी तिसरी रीतही मराठी टायपिंगमध्ये आहे आणि नॉर्मलाइझ तिला हात लावत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली. इंग्रजी ट्यूटोरियलात हे कोण सांगणार?

दुरुस्ती आणि बदल यांतला फरकही आता पाळतोय. गडचिरोलीची तारीख मी आधी १९८३ टाकली होती, खरी २६ ऑगस्ट १९८२. ही माझी चूक, इतिहासातला बदल नव्हे. तिच्यासाठी नवी ओळ उघडली असती तर गडचिरोली दोनदा जन्मला असता. पण नुसतं खोडलं तर गेल्या महिन्यातला रिपोर्ट वेगळा का होता ते कळणार नाही. म्हणून खरी मुदत वेगळी आणि 'मी हे केव्हा नोंदलं' हा काळ वेगळा ठेवलाय. घरगुती छंदाला हे जरा जड आहे, कबूल.

उरलं तारेचं भोक. १७ कार्डांवर ते नेमकं शिक्क्यावरच्या सालावर पडलंय. अशा कार्डाला एक तारीख न देता 'याआधी नाही, यानंतर नाही' अशी दोन टोकं देतो. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. १४ कार्डांच्या दोन्ही टोकांना जिल्हा एकच येतो, त्यामुळे तिथे अडत नाही. उरलेल्या तिघांवर पाणी सोडलं होतं. मग आठवलं की तारेवरून काढलेल्या क्रमानेच मी फोटो काढले होते. आजोबा काम संपल्यावर कार्ड टोचायचे, आल्यावर नाही, त्यामुळे क्रम थोडा मागेपुढे असतो. तरी परवा फाइलींचे नंबर लावून बघितले. परतूरचं एक कार्ड ११ जून १९८१ आणि २ जुलै १९८१ च्या मधे टोचलेलं निघालं. मजकूर: 'पाऊस सुरू झाला, पेटीचे सूर दबले आहेत, लवकर पाहावे.' पाऊस सुरू झालाय म्हणजे कार्ड जूनच्या आधीचं नसणार. जालन्यात टाकलं. आता दोन उरली.